सात ॲप क्लाउडहबवर नेताना: पोर्टच्या नोंदी

आमच्या सर्व्हर रूममधल्या एकाच म्यूल सर्व्हरवर (म्यूल म्हणजे वेगवेगळ्या प्रणालींमध्ये माहितीची देवाणघेवाण करणारी ॲप चालवणारं सॉफ्टवेअर) सात इंटिग्रेशन ॲप बरीच वर्षं चालत आहेत. ती सगळी म्यूलसॉफ्ट कंपनीच्या क्लाउडहबवर, म्हणजे तिच्या क्लाउड सेवेवर, हलवायची आहेत, पहिल्या पिढीच्या क्लाउडहबवर, कारण आमचा करार त्याचा आहे. फ्लोमधलं, म्हणजे ॲपच्या कामाच्या पायऱ्यांमधलं, तर्कशास्त्र फारसं बदलणार नाही. बदलणार आहे ते नेटवर्क, आणि त्यातही पोर्ट, म्हणजे यंत्रावर येणारी जोडणी कोणत्या प्रोग्रामकडे जायची ते सांगणारा आकडा. म्हणून तेवढ्याच विषयाच्या या नोंदी वेगळ्या ठेवते आहे. पुढे हे काम ज्याच्याकडे जाईल त्याला आम्ही कुठे अडलो ते कळावं.

३ फेब्रुवारी

आज कोडला हात न लावता फक्त यादी केली. जुन्या सर्व्हरवर कोणती प्रोसेस कोणत्या पोर्टवर ऐकते ते नेटस्टॅट या कमांडने काढलं आणि कॉन्फिगरेशन फाइलींशी ताडून पाहिलं.

ऑर्डर ॲप ८०८१ वर. ग्राहक ॲप ८०८३ वर, पण फक्त लोकलहोस्टवर, कारण त्याच मशीनवरचा रिव्हर्स प्रॉक्सी बाहेरच्या विनंत्या त्याच्याकडे वळवतो. साठा आणि किंमत ही दोन्ही ८०९० वर. एका डोमेन प्रोजेक्टमध्ये (अनेक ॲपची सामायिक कॉन्फिगरेशन) लिसनर, म्हणजे पोर्टवर ऐकणारा भाग, ठेवून दोघांनी तो वाटून घेतलेला. हिशेब ॲप ९४४३ वर एचटीटीपीएसने. वजनकाट्याचं ॲप ७५०० वर, तिथे एचटीटीपी नाहीच, गोदामातल्या काट्यांकडून येणारे ठरावीक लांबीचे टीसीपी संदेश. सातवं ॲप रात्रीचा मेळ घालणारं. ते शेड्यूलरवर, म्हणजे ठरलेल्या वेळी, उठतं आणि कुठल्याच पोर्टवर ऐकत नाही.

शिवाय एक ८०८५ निघालं. ते हिशेब ॲपमध्येच आहे, दुसऱ्या एका लिसनरवर, आणि कोणत्याही दस्तऐवजात त्याचा उल्लेख नाही. चार जणांना विचारलं. "असेल जुनं काहीतरी" यापलीकडे उत्तर मिळालं नाही. न वापरलेलं समजून ते काढून टाकायला माझं मन घेत नाही. फायरवॉलवर ८०८५ ला येणाऱ्या प्रत्येक जोडणीची नोंद सुरू करून ठेवली.

यादी करताना एक गोष्ट स्पष्ट झाली. हे सगळे आकडे एकाच कारणाने जन्मले: मशीन एक आणि ॲप अनेक. एका पत्त्यावरच्या एका पोर्टवर एकालाच ऐकता येतं, म्हणून पुढच्याने पुढचा आकडा घेतला. पोर्टचा आकडा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३५ पर्यंत जागा आहे. १०२४ च्या खालच्या पोर्टना युनिक्स पद्धतीत ॲडमिन हक्क लागतात, म्हणून आम्ही बहुतेक आठ हजारांच्या घरात जाऊन बसलो. क्लाउडहबवर प्रत्येक ॲपला स्वतःचा वर्कर मिळतो, म्हणजे स्वतःचं वेगळं यंत्र. ज्या कारणासाठी हे वेगवेगळे आकडे होते ते कारणच तिथे उरत नाही.

४ फेब्रुवारी

पहिली चाचणी. सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीच्या जागेत, ग्राहक ॲप जसंच्या तसं चढवलं, काय काय मोडतं ते पाहायला. लॉगमध्ये ॲप सुरू झाल्याची ओळ आली, रनटाइम मॅनेजरमध्ये (ॲपची स्थिती दाखवणाऱ्या पडद्यावर) हिरवा ठिपका दिसला. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला तर पाचशेच्या घरातली चूक. ॲपच्या लॉगमध्ये विनंतीचा मागमूस नाही.

इथे दोन चुका एकावर एक बसल्या होत्या, म्हणून अख्खा दिवस गेला.

पहिली पोर्टची. क्लाउडहबचा शेअर्ड लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या वर्करकडे वळवणारा, सगळ्यांना सामायिक) बाहेरून ८० वर येणारी वाहतूक वर्करच्या ८०८१ कडे पाठवतो आणि ४४३ वरची ८०८२ कडे. या जोड्या ठरलेल्या आहेत. आमचं ॲप ८०८३ वर कान लावून बसलेलं. लोड बॅलन्सर ८०८१ चं दार ठोठावतो आणि तिथे कोणीच नाही. पोर्ट ८०८१ केलं, पुन्हा चढवलं. तीच चूक.

दुसरी होस्टची, आणि ती मला जेवणानंतर सापडली. लिसनरमध्ये होस्ट म्हणून लोकलहोस्ट लिहिलेलं होतं. लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१. त्या पत्त्यावर ऐकणाऱ्या प्रोसेसला फक्त त्याच यंत्रातून येणारी हाक ऐकू जाते. जुन्या सर्व्हरवर ते बरोबरच होतं. प्रॉक्सी शेजारीच बसलेला होता आणि बाहेरच्या कोणी थेट ॲपला हात लावू नये हाच हेतू होता. क्लाउडहबवर लोड बॅलन्सर हा वेगळ्या यंत्रावर. होस्ट ०.०.०.० केला, म्हणजे यंत्राच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर ऐक असं सांगितलं, आणि पहिल्याच विनंतीला २०० आलं, म्हणजे यशाचं उत्तर.

एक चूक सुधारूनही लक्षण तेच राहिलं, तेव्हा "पोर्टचा प्रश्न नव्हताच" असं समजून मी ८०८१ पुन्हा ८०८३ करायला निघाले होते. माझ्या सहकारिणीने थांबवलं. "बदललेलं मागे घेऊ नकोस, त्यावरच पुढचं करून बघ," म्हणाली. तिचं ऐकलं म्हणून संध्याकाळी उत्तर मिळालं.

५ फेब्रुवारी

काल ८०८१ हा आकडा सरळ लिसनरमध्ये लिहिला होता. आज तो काढला आणि त्याजागी एचटीटीपी.पोर्ट ही प्रॉपर्टी (बाहेरून किंमत भरता येणारं नाव) वापरली. क्लाउडहब ॲप सुरू करताना अशा चार प्रॉपर्टी स्वतः भरतो:

एचटीटीपी.पोर्ट: ८०८१
एचटीटीपीएस.पोर्ट: ८०८२
एचटीटीपी.प्रायव्हेट.पोर्ट: ८०९१
एचटीटीपीएस.प्रायव्हेट.पोर्ट: ८०९२

टीममध्ये प्रश्न आला की आपल्या यॅमल (कॉन्फिगरेशनच्या) फाइलमध्ये याच नावाची प्रॉपर्टी असेल तर कोणाचं चालेल. म्यूल ४ मध्ये क्रम ठरलेला आहे: डिप्लॉय करताना दिलेल्या प्रॉपर्टी सगळ्यांत वर, मग सिस्टिम प्रॉपर्टी, मग एन्व्हायर्नमेंट, मग ॲपमधल्या फाइली आणि सगळ्यांत खाली ग्लोबल प्रॉपर्टी. म्हणजे फाइलमधली किंमत आपल्या लॅपटॉपवर चालते आणि क्लाउडहबवर त्याने भरलेली किंमत वरचढ ठरते. हे आम्हाला सोयीचं आहे. एकच कॉन्फिगरेशन दोन्हीकडे चालतं.

दोन ठेचा लागल्या. यॅमलमध्ये ८०८१ अवतरण चिन्हांशिवाय लिहिलं तर म्यूल ते स्वीकारत नाही. किंमत मजकूरच हवी असते, म्हणून अवतरणात टाका. आणि खासगी पोर्टची प्रॉपर्टी लिसनरमध्ये वापरली पण लोकल फाइलमध्ये लिहायची राहिली, तर स्टुडिओत (लॅपटॉपवरच्या ॲप बनवायच्या साधनात) ॲप सुरूच होत नाही. प्रॉपर्टीची किंमत सापडली नाही म्हणून थांबतं. चारही नावं लोकल फाइलमध्ये भरून ठेवली आणि ती फाइल प्रत्येक ॲपच्या साच्यात घातली.

७ फेब्रुवारी

डोमेन प्रोजेक्ट सोडवला. क्लाउडहबवर डोमेन चालत नाहीत, त्यामुळे साठा आणि किंमत यांना आपापला लिसनर देणं भाग होतं. लिसनर, डेटाबेस कॉन्फिगरेशन, टीएलएस कॉन्टेक्स्ट (एन्क्रिप्शनची मांडणी) या तिन्ही गोष्टी दोन्ही ॲपमध्ये उतरवल्या. दोघांचं पोर्ट आता एकच आहे आणि टक्कर होत नाही, कारण यंत्रं वेगळी.

हे ऐकायला सोपं आहे, पण टीममध्ये आज तासभर यावरच बोलणं झालं. इतकी वर्षं आम्ही ॲप आकड्यानेच ओळखत आलो. "नव्वद पडलंय" म्हटलं की साठा आणि किंमत हे सगळ्यांना कळायचं. आता सातपैकी पाच ॲप एकाच आकड्याच्या जोडीवर असतील आणि ओळख नावावरून होईल. मॉनिटरिंगमधल्या सगळ्या इशाऱ्यांची नावं बदलायला घेतली आहेत.

लॅपटॉपवर मात्र जुनाच नियम लागू आहे. स्टुडिओत साठा आणि किंमत एकदम चालवली की दुसरं ॲप "पत्ता आधीच वापरात आहे" म्हणून पडतं. तिथल्या लोकल फाइलींमध्ये वेगळे आकडे ठेवले.

१० फेब्रुवारी

आजचा दिवस सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहिते.

चार प्रॉपर्टी म्हणजे दोन जोड्या आहेत. ८०८१ आणि ८०८२ ही शेअर्ड लोड बॅलन्सरची जोडी, जगासाठी उघडी. ८०९१ आणि ८०९२ ही खासगी जोडी. आपली व्हीपीसी, म्हणजे क्लाउडमधलं आपल्यापुरतं खासगी नेटवर्क, घेतली की तिच्या आतली यंत्रं आणि डेडिकेटेड, म्हणजे फक्त आपला, लोड बॅलन्सर या जोडीवर येतात. ॲपच्या लिसनरमध्ये यांपैकी कोणतं नाव लिहायचं हा निर्णय दिसायला एका शब्दाचा आहे. प्रत्यक्षात त्या एका शब्दाने ठरतं की या ॲपच्या दारापर्यंत कोण येऊ शकेल.

आतापर्यंत आम्ही विचारायचो, "कुठलं पोर्ट रिकामं आहे?" आज फळ्यावर सात नावं लिहिली आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहिला: याच्याकडे कोण येतं? ऑर्डरकडे बाहेरचे विक्रेते येतात, कुठूनही. ग्राहककडे आमचं मोबाइल ॲप, म्हणजे तेही कुठूनही. साठा आणि किंमत यांच्याकडे ऑर्डर ॲप येतं आणि आमच्या नेटवर्कमधली दोन अंतर्गत साधनं. हिशेबकडे फक्त अंतर्गत नेटवर्क, आणि तिथे वर्करपर्यंत एन्क्रिप्शन हवं असा लेखा विभागाचा आग्रह आहे. मला तो योग्य वाटतो. काट्याकडे गोदाम. रात्रीच्या मेळाकडे कोणीच येत नाही, तोच सगळ्यांकडे जातो.

उत्तरं समोर आल्यावर पोर्ट आपोआप ठरले. सगळी एचटीटीपी ॲप खासगी जोडीवर. हिशेब ८०९२ वर, स्वतःच्या कीस्टोअरसह (सर्टिफिकेटं आणि किल्ल्यांची फाइल). बाकीची चार ८०९१ वर. दोन डेडिकेटेड लोड बॅलन्सर: एक सर्वांसाठी उघडा, त्यामागे ऑर्डर आणि ग्राहक, दुसरा फक्त आमच्या ठरलेल्या पत्त्यांच्या यादीसाठी, त्यामागे साठा, किंमत, हिशेब. मेळाच्या ॲपमध्ये कोणीतरी "चालू आहे का" तपासायला ८०८१ वर एक लिसनर घालायचं सुचवलं. मी नको म्हटलं. ज्याच्याकडे कोणी यायचं नाही त्याला दार कशाला हवं? त्याची तब्येत लॉगमधून आणि इशाऱ्यांतून कळते.

११ फेब्रुवारी

व्हीपीसीचा पत्त्यांचा पट्टा निवडला. मी १०.१ ने सुरू होणारा पट्टा लिहून दिला होता. नेटवर्कच्या सहकाऱ्यांनी तो लगेच परत पाठवला. गोदामाचं नेटवर्क त्याच पट्ट्यात आहे. दोन्हीकडे एकच पट्टा असेल तर व्हीपीएन (आमचं नेटवर्क आणि व्हीपीसी यांच्यातला खासगी दुवा) जोडल्यावर पॅकेट कोणत्या बाजूला जायचं हेच ठरणार नाही. आणि हा पट्टा व्हीपीसी तयार झाल्यावर बदलता येत नाही, सगळं मोडून नव्याने उभारावं लागतं. त्यांनी कुठेच न वापरलेला पट्टा दिला. त्यांचे मनापासून आभार.

१२ फेब्रुवारी

व्हीपीसीचे फायरवॉल नियम. नवी व्हीपीसी चार नियम घेऊनच येते: ८०८१ आणि ८०८२ कुठूनही, ८०९१ आणि ८०९२ फक्त व्हीपीसीच्या आतून. आमची सगळी ॲप खासगी जोडीवर आहेत, त्यामुळे पहिले दोन नियम राहिले तरी काय बिघडतं, असं बैठकीत विचारलं गेलं.

मी करूनच दाखवलं. साठा ॲपच्या एका प्रतीमध्ये मुद्दाम ८०८१ चा लिसनर जोडला, जणू कोणीतरी घाईत लोकल चाचणीचा तुकडा विसरला. मग बाहेरच्या इंटरनेटवरून, लोड बॅलन्सरला वळसा घालून, वर्करच्या थेट नावाने हाक मारली. क्लाउडहबवर प्रत्येक ॲपच्या वर्करला म्यूल-वर्कर अशी सुरुवात असलेलं सार्वजनिक नाव असतं, त्यापुढे ८०८१ लावलं. साठ्याचे आकडे समोर आले. आमच्या लोड बॅलन्सरवरची पत्त्यांची यादी, तिथलं सर्टिफिकेट, सगळं बाजूला राहिलं. खोलीत जरा वेळ कोणी बोललं नाही.

"कुठूनही" वाले दोन्ही नियम काढले. आता त्या व्हीपीसीतलं कोणतंही ॲप शेअर्ड लोड बॅलन्सरवरूनही दिसत नाही, आणि आम्हाला तेच हवं होतं. तीच हाक पुन्हा मारली, टाइमआउट झाला. साठ्याची ती प्रत काढून टाकली.

पोर्ट उघडं असणं आणि त्यावर कोणी ऐकत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकदम खऱ्या झाल्या तरच रस्ता तयार होतो. म्हणून दोन्ही बाजूंनी बंद ठेवायचं, म्हणजे एका बाजूला कोणाची चूक झाली तरी दुसरी बाजू धरून ठेवते.

१३ फेब्रुवारी

सर्टिफिकेटं चढवली. बाकी काही नाही.

१७ फेब्रुवारी

डेडिकेटेड लोड बॅलन्सरचे मॅपिंग नियम. प्रत्येक नियमात येणारा मार्ग, ॲपचं नाव, ॲपकडे पाठवायचा मार्ग आणि पुढचा प्रोटोकॉल. हा शेवटचा रकाना मी आधी गौण समजले होते. तो एचटीटीपी असेल तर लोड बॅलन्सर वर्करच्या ८०९१ कडे जातो, एचटीटीपीएस असेल तर ८०९२ कडे. पोर्ट लिहायला वेगळी जागाच नाही. प्रोटोकॉल निवडला की पोर्ट निवडलं गेलं.

हिशेबचा नियम मी बाकीच्यांवरून उतरवला आणि एचटीटीपी तसंच राहिलं. ॲप ८०९२ वर, लोड बॅलन्सर ८०९१ वर. लेखा विभागाची चाचणी अडली. ४ तारखेचा धडा आठवला म्हणून या वेळी दहा मिनिटांत सापडलं: ॲपच्या लॉगमध्ये विनंती पोचल्याची खूण नाही, म्हणजे दाराच्या अलीकडेच काहीतरी आहे.

साठ्याची गंमत वेगळी. तिथे ४०४ आलं, सोबत "या मार्गासाठी लिसनर नाही" अशा अर्थाचा म्यूलचाच संदेश. ते पाहून मला फार बरं वाटलं. कारण तो संदेश ॲपच्या आतून येतो, म्हणजे पोर्ट, फायरवॉल, होस्ट, प्रोटोकॉल सगळं जुळलं आहे आणि फक्त मार्ग चुकला आहे. झालं असं होतं की नियमात येणारा मार्ग "/साठा/" आणि पुढे पाठवायचा मार्ग नुसता "/" होता, त्यामुळे लोड बॅलन्सर पुढचा शब्द गाळून टाकत होता. ॲपमधला लिसनर मात्र डोमेनच्या दिवसांपासून तो शब्द धरून बसलेला. तेव्हा एका पोर्टवर दोन ॲप वेगळी ओळखायला तो लागायचा. आता ते काम लोड बॅलन्सर करतो. लिसनरमधून शब्द काढला.

नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळणारा लागतो. नेमके नियम वर, सर्वसाधारण खाली.

१९ फेब्रुवारी

वजनकाटा. याला लोड बॅलन्सर उपयोगाचे नाहीत, ते एचटीटीपी समजतात. काटा नुसते बाइट पाठवतो. व्हीपीसीच्या फायरवॉलमध्ये टीसीपी ७५०० चा नियम जोडला, स्रोत म्हणून फक्त गोदामाच्या नेटवर्कचा पट्टा. ॲपमध्ये सॉकेट लिसनर ०.०.०.० आणि ७५०० वर. काट्यांनी व्हीपीएनमधून वर्करच्या अंतर्गत नावाने यायचं, म्यूल-वर्कर-इंटर्नल ने सुरू होणाऱ्या.

हा एकच आकडा आम्ही जुन्या घरातून जसाच्या तसा आणला, आणि विचार करून. काट्यांचे कंट्रोलर जुने आहेत. प्रत्येकाचं पोर्ट बदलायचं तर गोदामात जाऊन प्रत्येकाच्या पॅनेलवर हाताने करावं लागतं. त्या लोकांना आमच्या सोयीसाठी कामातून उठवणं मला पटलं नाही.

२० फेब्रुवारी

तरीही उठवावं लागलं असतंच. कंट्रोलरमध्ये नाव टाकता येत नाही, फक्त आयपी पत्ता. आणि वर्कर पुन्हा सुरू झाला की त्याचा अंतर्गत आयपी बदलू शकतो. नाव तेच राहतं, नावामागचा पत्ता नवा. काल दुपारी चाचणी उत्तम चालली, रात्री मी ॲप पुन्हा चढवलं आणि सकाळी एकही वजन नाही.

दोन पर्याय होते. क्लाउडहबवर ॲपला स्थिर सार्वजनिक आयपी देता येतो, पण मग एन्क्रिप्शन नसलेली वजनं उघड्या इंटरनेटवरून जातील. ते मी नाकारलं. दुसरा पर्याय घेतला: गोदामातल्या एका लहान सर्व्हरवर एचएप्रॉक्सी हा मध्यस्थ प्रोग्राम, टीसीपी मोडमध्ये. काटे त्याच्या न बदलणाऱ्या पत्त्यावर ७५०० ला बोलतात आणि तो वर्करचं नाव डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) ठरावीक वेळाने पुन्हा विचारत राहतो. त्याला जुन्या सर्व्हरचाच आयपी देऊ, बदलाच्या दिवशी. म्हणजे काट्यांना काहीच कळणार नाही.

ॲप तीनदा पुन्हा चढवून पाहिलं. वजनं थोडा वेळ थांबून परत येतात. कंट्रोलर न पोचलेला संदेश पुन्हा पाठवतो, त्यामुळे मधलं काही हरवत नाही. हे मोजून पाहिलं, गृहीत धरलं नाही.

२४ फेब्रुवारी

व्हीपीएनला सर्व्हर रूमचं नेटवर्क जोडताना दिवसभर टेलनेट, म्हणजे एखादं पोर्ट जोडणी घेतं का ते तपासणारी कमांड. टीममधल्या नव्या मुलांसाठी फळ्यावर लिहिलेलं इथेही उतरवते, कारण यातला फरक ओळखता आला की निम्मं काम होतं.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" लगेच आलं, तर पॅकेट यंत्रापर्यंत पोचलं आहे आणि यंत्राने स्वतः नाही म्हटलं आहे: त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही, किंवा ऐकणारा लोकलहोस्टवर बसला आहे. ॲपकडे बघा. बराच वेळ काहीच नाही आणि मग टाइमआउट, तर बहुधा वाटेत कोणीतरी पॅकेट मुकाट्याने टाकून दिलं: फायरवॉल नियम किंवा चुकलेला रस्ता. नेटवर्ककडे बघा. जोडणी होते पण टीएलएसची बोलणी मोडतात, तर बहुधा दोन टोकांपैकी एक साधं एचटीटीपी बोलतंय. म्यूलचं ४०४ आलं, तर पोचलात.

आज तिसऱ्या तासाला टाइमआउट होता आणि मी फायरवॉलचे नियम चौथ्यांदा वाचत होते. चूक परतीच्या वाटेत निघाली. सर्व्हर रूमच्या राउटरला व्हीपीसीचा पट्टा कुठल्या दिशेला आहे हेच सांगितलेलं नव्हतं. जाणारं पॅकेट पोचत होतं, उत्तर हरवत होतं.

२६ फेब्रुवारी

आतापर्यंत येणाऱ्या वाहतुकीचंच पाहिलं. आज जाणारी. मेळ आणि हिशेब दोघंही आमच्या ओरॅकल डेटाबेसकडे १५२१ वर जातात, आणि मेळ बँकेच्या फाइलींसाठी एसएफटीपीने (सुरक्षितपणे फाइली पाठवायची पद्धत) २२ वर. आमच्या बाजूच्या फायरवॉलवर १५२१ साठी व्हीपीसीचा अख्खा पट्टा उघडून घेतला, कारण वर्करचा पत्ता एकच राहत नाही. एसएफटीपीचा सर्व्हर बाहेरचा आहे आणि तिथले लोक नेमका पत्ता मागतात, तेव्हा मेळाच्या ॲपला स्थिर आयपी दिला.

मेल जात नव्हती. ॲप २५ वर पाठवत होतं. क्लाउडहबचे वर्कर ॲमेझॉनच्या क्लाउडवर चालतात आणि तिथे २५ वरून बाहेर जाणारी वाहतूक स्पॅम रोखण्यासाठी मुळातच अडवलेली असते. ५८७ वर नेलं, लॉगिन आणि एन्क्रिप्शनसह. खरं तर हे जुन्या सर्व्हरवरच करायला हवं होतं.

१ मार्च

८०८५ वर जोडणी आली. काल रात्री, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, एकच. फायरवॉलच्या नोंदीवरून पत्ता काढला, पत्त्यावरून यंत्र आणि यंत्रावरून विभाग. लेखा विभागातल्या एका जुन्या संगणकावर ठरलेल्या वेळी चालणारी एक स्क्रिप्ट आहे. ती महिन्यातून एकदा हिशेब ॲपकडून बंद होणाऱ्या महिन्याचे आकडे घेते आणि फाइल बनवते. तिथल्या बाई म्हणाल्या, "अहो, ती फाइल आम्ही दर एक तारखेला पहिल्यांदा उघडतो. ती येतेच, म्हणून कधी सांगितलं नाही."

३ तारखेला मी हे पोर्ट काढून टाकलं असतं तर आज सकाळी त्यांच्या हातात फाइल नसती.

३ मार्च

८०८५ वरचा फ्लो हिशेबच्या मुख्य लिसनरखाली आणला, वेगळ्या मार्गावर. एका ॲपमध्ये दोन लिसनर ठेवायचं काही कारण उरलं नव्हतं. स्क्रिप्टमध्ये पत्ता बदलला, आता ती अंतर्गत लोड बॅलन्सरकडे ४४३ वर जाते आणि तो ८०९२ कडे. बाईंसोबत बसून हाताने एकदा चालवली. फाइल आली, आकडे फेब्रुवारीच्या फाइलशी जुळले.

८ मार्च

बदल. रात्री दहाला सुरुवात. ऑर्डर आणि ग्राहक यांची डीएनएस नावं नव्या लोड बॅलन्सरकडे वळवली, मग अंतर्गत तिन्ही, शेवटी काटे. मेळाचं ॲप जुन्या सर्व्हरवर आधी बंद करून मगच नव्या ठिकाणी सुरू केलं. हा क्रम मी हट्टाने ठेवला. बाकीच्यांसाठी दोन्हीकडे थोडा वेळ एकदम चालणं चालतं, कारण ती कोणी हाक मारली तरच काम करतात. मेळ आपण होऊन उठतो; दोन उठले तर दोनदा मेळ घालतील. क्लाउडहबवर ॲप अद्ययावत करतानाही नवी प्रत उभी राहीपर्यंत जुनी चालू असते, म्हणून पुढेही मेळाची नवी आवृत्ती त्याच्या ठरलेल्या वेळेच्या आसपास चढवू नये. हे रनबुकमध्ये (कामाच्या पायऱ्यांच्या पुस्तिकेत) ठळक लिहिलं आहे.

पहाटे दीडला शेवटची तपासणी. बाहेरून सातही वर्करच्या थेट नावांवर ८०८१, ८०८२, ८०९१, ८०९२ आणि ७५०० करून पाहिले. सगळीकडे टाइमआउट.

१५ मार्च

जुन्या सर्व्हरवरची पोर्ट एकेक करून फायरवॉलवर बंद केली, पण नोंद चालू ठेवली. ८०८३ ला दोन दिवस एका जुन्या तपासणी स्क्रिप्टकडून हाका येत होत्या, ती थांबवली. ८०९०, ९४४३, ८०८५ शांत. ७५०० वर काहीच नाही, काटे नव्या वाटेने बोलत आहेत.

१ एप्रिल

सकाळी सव्वानऊला लेखा विभागातून फोन आला. फाइल आली आहे. जुना सर्व्हर दुपारी बंद केला.